साक्षीच्या तारखेपर्यंत तिच्यासोबत कोण असतं?

प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल आपण कशाबद्दल बोलतोय. एका भावाने विचारलंय की त्याची मावसबहीण, घटनेच्या वेळी एकोणीस वर्षांची, आरोपी लांबच्या नात्यातलाच, केसला साडेतीन वर्षं झाली आणि आता पुढच्या महिन्यात तिच्या साक्षीचं समन्स आलंय तर ती म्हणतेय मला नाही जायचं, केस मागे घेऊ. आणि त्याला पडलेला प्रश्न असा की एवढे कडक कायदे झाले, फास्ट ट्रॅक कोर्टं आली, फाशीच्या तरतुदी आल्या, तरी मुली शेवटी माघार का घेतात, आणि सिस्टिममध्ये नेमकं काय बदललं तर हे थांबेल.

मी जिल्हा कोर्टात सतरा वर्षं वकिली करतेय. पहिली पाच वर्षं फौजदारी करणाऱ्या एका सिनियरकडे ज्युनिअर होते, म्हणजे आरोपीच्या बाजूने, आणि नंतर विधी सेवा प्राधिकरणाच्या म्हणजे मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या पॅनलवर, पीडित मुलींच्या बाजूने. दोन्हीकडून पाहिलंय म्हणून लिहायला बसले. उत्तर लांब होईल, सवडीने वाचा.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण ती तिला आजच कळायला हवी. केस मागे घेणं तिच्या हातात नाहीये. हा खटला ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’ असा असतो, बलात्काराच्या गुन्ह्यात ट्रायल कोर्टात तडजोड होत नाही. त्यामुळे गावात ‘मिटवून घ्या’ म्हणतात त्याचा कोर्टातला अर्थ एकच, तिने पिंजऱ्यात उभं राहून सांगायचं की असं काही झालं नाही किंवा मला आठवत नाही. त्याला फितूर होणं म्हणतात. आणि मग काय होतं, तर तिचाच सरकारी वकील कोर्टाची परवानगी घेऊन तिची उलटतपासणी घेतो, तिचा जुना जबाब एकेक वाक्य करून तिला वाचून दाखवतो आणि विचारतो हे तू सांगितलं होतंस की नाही. म्हणजे जे टाळायला ती माघार घेतेय ते तिला भर कोर्टात ऐकावंच लागतं, वर खोटी ठरते. मिटवायला सांगणारे काका मामा हे तिला कधी सांगत नाहीत.

आता खरा प्रश्न. तुम्ही विचारलंत मुली माघार का घेतात. मी तो जरा फिरवून विचारते, गेल्या साडेतीन वर्षांत तिला या केसबद्दल कोणी कितीदा फोन केला? चार्जशीट कधी दाखल झालं हे तिला कोणी सांगितलं? त्याला जामीन मिळाला हे तिला कोर्टाकडून कळलं की तो गल्लीत दिसला तेव्हा कळलं? माझ्याकडे आलेल्या बहुतेक मुलींचं उत्तर ‘गल्लीत दिसला तेव्हा’ असंच असतं. याचं कारण पोलिसांचा किंवा कोर्टाचा दुष्टपणा नाहीये. कारण असं की आपल्या फौजदारी पद्धतीत ती पक्षकारच नाही, ती साक्षीदार क्रमांक एक आहे. आरोपीचा वकील असतो, सरकारचा वकील असतो, तिचं असं त्या खोलीत कोणी नसतं. तिला सोबत करणं, तिला माहिती देणं हे कोणाचंच काम म्हणून ठरलेलं नाही. मला विचाराल तर सुधारणा इथून सुरू व्हायला हवी, आणि माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवतीच आहे.

पुढचं सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे हेही सांगते, नाहीतर तुम्ही माझं वाक्य घेऊन तिथल्या वकिलांशी भांडाल. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर भादंवि म्हणजे जुनी भारतीय दंड संहिता लागते, नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहिता. ती तेव्हा अठराच्या आत असती तर पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचा वेगळा कायदा लागला असता आणि बऱ्याच गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या, त्यावर येते पुढे. शिवाय जिल्ह्याजिल्ह्यात फार फरक आहे, एका ठिकाणी जज स्वतः मुलीला पाणी विचारतात, आरोपीला मागे बसवतात, आणि दुसऱ्या ठिकाणी पडदा मागितला तर स्टाफ म्हणतो कुठून आणायचा.

कायदा कमी पडतो असं लोकांना वाटतं, ते फारसं खरं नाही. आपल्याच विदर्भातलं मथुरा प्रकरण आठवा. १९७२ साली देसाईगंज पोलीस स्टेशनात, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा आणि आताचा गडचिरोली, एका आदिवासी मुलीवर ठाण्यातच अत्याचार झाला. नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरलं आणि १९७८ साली सुप्रीम कोर्टाने सोडून दिलं, अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचा पुरावा नाही, म्हणजे संमती होती असं धरून. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तिथून पुढे एकेक गोष्ट येत गेली. बंद दाराआड सुनावणी, नाव छापायला बंदी. १९९६ च्या गुरमीत सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तिची साक्ष विश्वासार्ह असेल तर दुसरा आधार लागत नाही. २००३ पासून तिच्या चारित्र्यावरचे प्रश्न बंद. २००४ मध्ये ‘साक्षी’ नावाच्या संस्थेच्या याचिकेवरच्या निकालात पडदा लावायला आणि घटनेबद्दलचे उलटतपासणीचे प्रश्न लेखी देऊन जजमार्फत विचारायला सांगितलं. २०१२ ला पोक्सो, २०१३ ला, निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या वर्मा समितीच्या अहवालानंतरची दुरुस्ती. टू फिंगर टेस्ट, म्हणजे मुलीला आधी शरीरसंबंधांची सवय होती का हे बोटांनी तपासणं, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच चुकीची ठरवली आणि २०२२ मध्ये करणाऱ्यालाच दोषी धरू असं सांगितलं. कागदावर हे सगळं आहे. २०२२ च्या एनसीआरबीच्या म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांत तरीही बलात्काराच्या खटल्यांत शिक्षेचं प्रमाण २७-२८ टक्क्यांच्या आसपासच होतं.

मग अडतं कुठे? माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त अडतं ते तिच्या शब्दांपाशी. हे जरा सविस्तर सांगते कारण यावर कोणी बोलत नाही.

एका केसमध्ये मुलगी वीसेक वर्षांची, तालुक्याच्या गावची. तिने ठाण्यात सांगितलं होतं, ‘त्यानं मला ओढत खोलीत नेलं आन वंगाळ काम केलं.’ फिर्याद लिहिणाऱ्या अंमलदाराने लिहिलं, ‘मला खोलीत घेऊन गेला व माझ्याशी शरीरसंबंध प्रस्थापित केले.’ त्यांनी वाईट हेतूने लिहिलं असं मला वाटत नाही, पोलीस मराठी तशीच असते, रात्रीचे अकरा वाजलेले, समोर कॉम्प्युटर, हात त्याच वाक्यांवर बसलेला. पण बघा काय झालं. ‘ओढत’ गेलं आणि ‘घेऊन’ आलं. ‘वंगाळ काम’ गेलं आणि ‘संबंध’ आला, जो शब्द त्या मुलीने आयुष्यात वापरला नसेल आणि ज्यात दोघांची मर्जी असल्याचा वास येतो. तीन वर्षांनी ती कोर्टात उभी राहिली आणि आपल्या भाषेत परत म्हणाली, ओढत नेलं. बचावाच्या वकिलांनी फिर्याद उघडली आणि पुढची चाळीस मिनिटं त्या एका शब्दावर गेली. ओढत नेल्याचं फिर्यादीत का नाही? तुम्ही सांगितलंच नव्हतं ना? आता वकिलांनी शिकवलं म्हणून सांगताय ना? आणि टायपिस्टने टाईप केलं ते ठरलेलं वाक्य, ‘असे माझ्या फिर्यादीत का लिहिले नाही याचे कारण मला सांगता येणार नाही.’ हे वाक्य मी शेकडो साक्षींमध्ये वाचलंय. त्या मुलीने खरंच सांगितलं होतं, लिहिणारा दुसराच होता, आणि उत्तर मात्र तिला द्यावं लागतं.

मी बचावाच्या वकिलांना दोष देत नाहीये. मी स्वतः त्या बाजूला असताना अशाच नोट्स काढायचे, सिनियरला लाल पेनाने ओळी मारून द्यायचे. आरोपीला कठोर उलटतपासणीचा हक्क असायलाच हवा, निर्दोष माणूस त्याच्याच जोरावर सुटतो. पण उलटतपासणी तिच्या शब्दांची व्हावी, हवालदाराच्या शब्दांची नको.

आणि हे एकदाच होत नाही. ती ठाण्यात आधी ठाणे अंमलदाराला सांगते, मग महिला पीएसआयला. मग हॉस्पिटलमध्ये डॉक्टर केस पेपरवर हिस्ट्री लिहितात. मग मॅजिस्ट्रेटपुढे जबाब. मग तपासात काही राहिलं म्हणून पुरवणी जबाब. मग कोर्टात सरतपासणी म्हणजे सरकारी वकिलाचे प्रश्न, आणि उलटतपासणी. लहान मूल असेल तर मध्ये बालकल्याण समिती. सहा सात वेळा, सहा सात अनोळखी माणसांना, आणि प्रत्येकाने आपापल्या भाषेत लिहिलेलं. त्यातली तफावत म्हणजे बचावाचा सगळा माल. शिवाय प्रत्येक वेळी ती त्या खोलीत परत जाते ते वेगळंच.

म्हणून माझी पहिली सुधारणा, एकदाच, लवकर, नीट रेकॉर्ड करा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे तपास आणि खटला कसा चालवायचा त्याच्या नव्या कायद्यात, बलात्कार पीडितेचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा आणि ऑडिओ व्हिडिओ करता येतो असं आहे. ‘करता येतो’ ऐवजी ‘करायचाच’ असं झालं, आणि ते रेकॉर्डिंग सांभाळून ठेवायची यंत्रणा असली, तर ‘ओढत’ आणि ‘घेऊन’चं भांडण दोन मिनिटांत मिटेल, रेकॉर्डिंग लावा आणि ऐका. आइसलंडमध्ये १९९८ पासून मुलांसाठी असं घर आहे जिथे पोलीस, डॉक्टर, समुपदेशक सगळे मुलाकडे येतात, मूल त्यांच्याकडे फिरत नाही, एक प्रशिक्षित माणूस प्रश्न विचारतो आणि बाकीचे दुसऱ्या खोलीतून बघतात. आपल्याकडेही मुंबईत वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात ‘सेहत’ संस्था आणि महापालिकेने मिळून ‘दिलासा’ विभाग सुरू केला, त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली, म्हणजे हॉस्पिटलच्या आतच समुपदेशक बसू शकते हे आपण करून दाखवलंय. वन स्टॉप सेंटर म्हणजे सखी केंद्रं २०१५ पासून आली, कल्पना तीच आहे. पण केंद्र एका टोकाला, सिव्हिल हॉस्पिटल दुसऱ्या टोकाला आणि ठाणं तिसरीकडे असेल तर मुलगी फिरतेच.

दुसरी गोष्ट कोर्टाच्या इमारतीची. हे ऐकायला किरकोळ वाटेल, पण माझ्या मते अर्ध्या मुली इथे खचतात. साडेदहाला या असं समन्सवर असतं. ती आईबरोबर एसटीने येते. कोर्टाबाहेर व्हरांड्यात एकच बाक, त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला आरोपी, त्याची आई, त्याची बायको मूल मांडीवर घेऊन. साक्षीदारांची खोली असते कधी कधी, तिच्यात जुनी दप्तरं भरलेली असतात. मग शिपाई दारात येऊन पुकारा करतो, तिचं नाव, बापाचं नाव, आडनाव, पूर्ण व्हरांड्याला ऐकू जाईल असं. जिचं नाव छापलं तर पेपरवाल्याला शिक्षा होते तिच्या नावाचा कोर्टातच पुकारा होतो. मी एका कोर्टात जजसाहेबांना विनंती केली आणि त्यांनी त्याच दिवसापासून अशा केसेसमध्ये फक्त केस नंबर पुकारायला सांगितलं. एक रुपया खर्च नाही, एक परिपत्रक काढलं तर राज्यभर होईल.

मग आत मुद्देमाल. तिचे त्या दिवशीचे कपडे, ब्राऊन पेपरमध्ये, लाखेचं सील, कारकून ब्लेडने कापून काढतो, टेबलावर पसरतो आणि विचारलं जातं हे तुझेच का. तीन वर्षं बंद राहिलेल्या कपड्यांचा वास येतो. मी एका मुलीला बघितलंय, सगळी साक्ष खणखणीत दिली आणि ती सलवार बघितल्यावर भिंतीकडे तोंड करून उभी राहिली ती बोलायचीच थांबली. ओळख फोटोवरून पटवता येईल का, निदान आधी कल्पना देता येईल का, कोणी विचार करत नाही कारण कोणाचं ते काम नाही. परत तिथेच येते मी.

यावर कायदेशीर उपाय आहेत आणि गंमत म्हणजे दोन्ही महत्त्वाचे आदेश महाराष्ट्रातल्याच केसेसमध्ये झालेत. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा साक्षीदारांसाठी खास साक्ष केंद्रं उभारायला हायकोर्टांना सांगितलं, जिथे वेगळं दार, वेगळी बसायची खोली, आरोपी दिसणार नाही अशी सोय. २०२२ मध्ये त्याची व्याख्या वाढवली, म्हणजे आता फक्त लहान मुलं नाहीत, लैंगिक अत्याचाराची पीडित कोणत्याही वयाची असो ती त्यात येते. तुमची बहीणही येते, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी आहे.

तिसरी गोष्ट वेळ. चार्जशीट आल्यापासून दोन महिन्यांत खटला संपवायचा असं कायद्यात आहे, पोक्सोत तर मुलाची साक्ष कोर्टाने केसची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षात. प्रत्यक्षात एका सरकारी वकिलाच्या बोर्डावर दिवसाला पंधरा वीस मॅटर, फॉरेन्सिक लॅबचा रिपोर्ट यायचा बाकी, जजची बदली, आरोपीचा वकील गैरहजर. या काळात मुलीचं आयुष्य थांबत नाही. तिचं लग्न होतं. सासरी हे माहीत नसतं. आणि मग एक दिवस युनिफॉर्ममधला पोलीस मोटारसायकलवर समन्स घेऊन सासरच्या दारात. माझ्या ज्या केसेस फितूर झाल्या त्यातल्या कितीतरी या दारात फितूर झाल्या, कोर्टात नाही. आता समन्स इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवता येतं, ते आधी फोन करून, तिला विचारून, ती सांगेल त्या पत्त्यावर पाठवायला काय हरकत आहे?

आता फाशीबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात तो रोख आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्या लहान मुलींवर अत्याचार झाल्यावर लोक रुळांवर उतरले तेव्हा मागणी फाशीचीच होती. राग समजण्यासारखाच होता, मलाही आला होता. पण त्या प्रकरणात घरच्यांच्या वाट्याला सगळ्यात आधी काय आलं, तर तक्रार नोंदवून घ्यायलाच कित्येक तास थांबवलं गेलं, त्यावर पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. शिक्षा वाढवून ते तास कमी होत नाहीत. राज्याने शक्ती विधेयक आणलं, २०२१ च्या डिसेंबरात विधिमंडळात मंजूरही केलं, फाशी होती त्यात, पण तो कायदा काही अमलात आला नाही. आणि खरं सांगायचं तर ज्या केसेस मी बघते त्यात फाशीची भीती उलटी बसते. एनसीआरबीच्याच आकड्यांत बलात्काराच्या ९५ टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. काका, शेजारी, दीर, क्लासचे सर. शिक्षा जितकी मोठी तितकं घरातलं दडपण मोठं, ‘तुझ्यामुळे त्याची मुलं पोरकी होतील.’ एका आजीने माझ्यासमोर नातीच्या पाया पडून सांगितलं होतं की माझ्या लेकाला वाचव. ती मुलगी चौदा वर्षांची होती. तिला लेकाची शिक्षा नको होती, तिला फक्त तो त्या घरात नको होता.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगते म्हणजे धागा सुटणार नाही: तिचे शब्द एकदाच आणि तिच्याच भाषेत घ्या, कोर्टात तिला आरोपीपासून वेगळं ठेवा, तारखा ओढू नका. पण हे तिन्ही करायला जागेवर कोणीतरी माणूस लागतो, आणि माझी सगळ्यात मोठी मागणी तीच आहे.

पोक्सोत हा माणूस आहे. त्याला सपोर्ट पर्सन म्हणतात. २०२० च्या नियमांत त्याचं काम लिहिलंय, मुलाला आणि घरच्यांना केसची माहिती देत राहायचं, हॉस्पिटल, कोर्ट सगळीकडे सोबत जायचं, नुकसानभरपाईचा अर्ज बघायचा, आणि दर महिन्याला बालकल्याण समितीला रिपोर्ट द्यायचा. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे ऐच्छिक नाही, द्यायलाच हवा. जिथे चांगला सपोर्ट पर्सन आहे तिथे मुलं साक्षीला टिकतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. एका बाईंनी मुलीला साक्षीच्या चार दिवस आधी रिकाम्या कोर्टात नेलं, पिंजरा दाखवला, जजसाहेब कुठे बसतात, टायपिस्ट कुठे, दार कुठे, पाणी कुठे. ती मुलगी तारखेला आली आणि पहिलं वाक्य बोलली, ‘मी इथं आलेय आधी.’ तिच्या आवाजात जो फरक होता तो मी विसरणार नाही.

पण अठराव्या वाढदिवसाला ही सोय संपते. तुमची बहीण एकोणीसची होती म्हणून तिला कोणी दिलं नाही. सतरा वर्षं अकरा महिन्यांच्या मुलीला आधार लागतो आणि एकोणीसच्या मुलीला लागत नाही हे कुठल्या अनुभवावर ठरवलं? एका केसमध्ये एकच माणूस, ठाण्यापासून निकालापर्यंत, पगारी, पोलिसांचा नाही, सरकारी वकिलाचा नाही, तिचा. फार मोठा खर्च नाही हा. एका जिल्ह्यात आठ दहा प्रशिक्षित बायका नेमल्या तरी चित्र बदलेल. त्यांना साक्षीबद्दल शिकवायची मुभा नसावी, हे नियमात स्पष्ट हवं, नाहीतर बचावाला नवा मुद्दा मिळेल.

माहितीचंही तसंच. नव्या कायद्यात तपासाची प्रगती ९० दिवसांत पीडितेला कळवायची असं आहे, चांगलं आहे. चार्जशीटची कॉपी फुकट मिळायचीही सोय झाली, पण कंसात अट, तिचा वकील असेल तर. ज्यांच्याकडे वकील नाही त्यांनाच कॉपीची जास्त गरज असते. ही अट काढावी असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशीच विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील द्यावा, कायद्याने बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, फक्त हे तिला ठाण्यात सांगायला हवं. पैशाचं, अशा पीडितांना आर्थिक मदत देणारी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. रक्कम मिळते, पण वेळेवर मिळाली तरच तिचा उपयोग. ज्या महिन्यात मुलीची मजुरी बुडते, भाड्याची खोली बदलावी लागते, त्या महिन्यात पैसे हवेत, निकालानंतर नाही.

आता तुमच्या बहिणीचं, कारण सिस्टिम पुढच्या महिन्याच्या आत बदलणार नाही.

उद्याच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जा, कोर्टाच्या आवारातच असतं, तिथे मोफत वकील मागा. हेल्पलाईन १५१०० आहे. त्या वकिलामार्फत सरकारी वकिलांची वेळ घ्या आणि बहिणीला साक्षीच्या आधी त्यांना एकदा भेटू द्या. बऱ्याच मुली आपल्या सरकारी वकिलाला पहिल्यांदा साक्षीच्या सकाळी बघतात, ते होऊ देऊ नका. सुनावणी बंद दाराआड, पडदा किंवा व्हिडिओ लिंक, आणि खास साक्ष केंद्र असेल तर तिथे साक्ष, असा लेखी अर्ज आधीच द्या, २००४ आणि २०२२ चे निकाल त्यासाठीच सांगितले. त्या दिवशी मुद्देमाल दाखवणार का हे विचारून ठेवा आणि तिला आधी सांगा.

तिला काय बोलायचं ते शिकवू नका, अजिबात नाही, तुम्हीही नाही आणि मावशीनेही नाही. फक्त तीन गोष्टी सांगा. प्रश्न कळला नाही तर ‘कळला नाही’ म्हणता येतं. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणता येतं, त्याने केस जात नाही, अंदाजाने बोलल्याने जाते. आणि थांबावंसं वाटलं, पाणी हवं असलं तर जजसाहेबांना सांगता येतं.

एवढं करूनही ती म्हणाली नाही जायचं, तर तिच्यावर ओरडू नका. तिला विचारा नक्की कशाची भीती वाटतेय. दहापैकी सहा सात मुली मला सांगतात की त्याचा चेहरा बघायची, किंवा घरच्यांसमोर सगळं बोलायची. दोन्हीला उपाय आहे, चेहरा दिसू नये म्हणून वर सांगितलेला पडदा, आणि घरच्यांचं म्हणाल तर तुम्ही बाहेर बसा, आत तिची मैत्रीण किंवा समुपदेशक बसू दे.

त्या दिवशी डबा घेऊन जा, नाव दुपारी चारलाही निघू शकतं. आणि साक्ष संपल्यावर टाईप केलेली पानं सहीला तिच्यापुढे ठेवतील तेव्हा सगळ्यांना घाई असते, साडेपाच वाजलेले असतात, ती दमलेली असते, लगेच सही करून निघावंसं वाटतं. पण तिने ती पानं वाचायचीच, वाचून दाखवा म्हणायचं. तो तिचा हक्क आहे. आणि ती ‘ओढत’ म्हणाली असेल आणि कागदावर ‘घेऊन’ आलं असेल, तर सही करायच्या आधी तिथेच सांगायचं.